पाणी मुरेपर्यंत

सिग्नेनं चर्चच्या जत्रेत रिंगा टाकून जिंकले दोन सोनेरी मासे
आणि पुढच्याच आठवड्यात तिची आई तिला घेऊन फार्गोला गेली.
मासे माझ्याकडे राहिले. पॅनकेक आणि वॉफल.
मी रेइनो कांगस, डुलुथच्या गोदीवर एकतीस वर्षं
जहाजांत लोखंडाची माती ओतलेला माणूस.
माशांबद्दल मला ठाऊक एवढंच,
की सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालवायची.

टाकी आणली. नळ सोडला.
पाणी इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर
तारखांसकट वाचता यावं.
तिसऱ्या दिवशी पॅनकेक आडवा.

मार्लिसचं आमिषाचं दुकान आहे, पुलाखाली.
तिनं स्टुलावरून न उठता विचारलं,
"पाणी मुरू दिलंस का?"
मुरायला ते काय बरणीतलं हेरिंग आहे?
"तसंच समज. नितळ म्हणजे तयार नव्हे.
आधी क्लोरीन जायला हवं, मग घाण खाणारे जंतू यायला हवेत.
ते दिसत नाहीत. त्यांची वाट पाहायची,
महिना, दीड महिना."
"आणि तोवर हा दुसरा?"
"तोवर बादली आहे की तुझ्याकडे."

मग रोज सकाळी बादली. थोडं पाणी काढ, थोडं घाल,
हाताला एकसारखं कोमट लागेल असं.
रोज संध्याकाळी काचेची नळी, आठ थेंब,
आणि दिव्याखाली धरलेला रंग:
हिरवा, हिरवा, पुन्हा हिरवा.
पिवळा दिसायला हवा होता.
माझ्या रक्तातली साखरसुद्धा मी एवढ्या नेमानं तपासली नाही.

वॉफल सदा भुकेला.
मी खुर्चीतून उठलो की काचेशी येऊन तोंडाची उघडझाप.
मी विरघळायचो,
खाणंही विरघळायचं,
आणि रात्री नळी आणखी हिरवी.

मग जानेवारी. तळं गोठलं,
बर्फात भोक पाडून बसलो, नेहमीसारखा, दिवसभर.
एकही वॉलआय लागला नाही.
संध्याकाळी बादलीत उरलेली आमिषाची मासळी,
करंगळीएवढी, शेवाळी रंगाची.
तळ्यात सोडायची नाही, कायदा आहे,
म्हणून बर्फावर ओतायची, कावळ्यांना.
चाळीस वर्षं ओतत आलो.
त्या दिवशी बादली कलती केली
आणि सगळी एकाच वेळी
पाण्याच्या उरलेल्या कोपऱ्याकडे वळली.

घरी मोजली. नऊ.
टाकी तेव्हा नुकती पिवळी दाखवू लागली होती.
मार्लिस फोनवर ओरडली, "आधी वेगळी ठेव! रोग असेल!"
म्हणून दोन आठवडे आंघोळीच्या टबात ती,
आणि मी सिंकपाशी उभा राहून अंग पुसतो आहे.
दोन गेली. सात उरली.
वॉफलनं त्यांना पाहिलं, तोंड उघडलं,
तोंडात मावत नाहीत हे कळल्यावर मिटलं.
आता सातही जण त्याच्या मागून फिरतात,
गोदीतल्या लांब जहाजामागून टगबोटी फिराव्यात तशा.

अजूनही बर्फावर जातो.
अजूनही गळाला मासळीच लावतो, खोटं कशाला बोलू.
फक्त डझनाऐवजी सहा घेतो,
आणि लावताना दुसरीकडे बघतो, त्यामुळे बोटाला टोचतं.

रविवारी सिग्नेचा फोन येतो, चेहऱ्यासकट.
फोन काचेपाशी धरतो. "हा वॉफल. हे नवे."
"पॅनकेक?"
"झाडामागे आहे. लाजतो."
तिला कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं असणार,
नऊ वर्षांची आहे, बारकाईनं बघते.
बराच वेळ फक्त पंपाचे बुडबुडे.
मग म्हणाली, "आजोबा,
त्याला म्हणावं घाई नाही.
आणि तुम्ही खाणं कमी घालताय ना?"
मी म्हटलं, चिमूटभर.
ती म्हणाली, "माझी चिमूट. तुमची नाही."